साइन ३०° म्हणजे अर्धा, पण कशाचा अर्धा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "त्रिकोणमितीचा धडा सुरू झालाय. साइन, कोसाइन, टॅनच्या व्याख्या पाठ आहेत, ३०°, ४५°, ६०° चा तक्ताही पाठ आहे. पण साइन ३०° बरोबर १/२ म्हणजे नक्की काय, तेच कळत नाही. कशाचा अर्धा? आणि गणित समोर आलं की यातलं कोणतं गुणोत्तर घ्यायचं हे कसं ठरवायचं?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर दोन शब्दांचं आहे: कर्णाचा अर्धा. काटकोन त्रिकोणात एक कोन ३०° असेल, तर त्या कोनासमोरची बाजू कर्णाच्या बरोबर निम्मी असते, मग त्रिकोण वहीत मावणारा असो की डोंगराएवढा. या वाक्याचा उत्तरार्ध महत्त्वाचा आहे. बहुतेक मुलं तो ओलांडून थेट तक्त्यावर जातात आणि मग सगळा धडा पाठांतराचा होऊन बसतो. म्हणून आधी तिथेच थोडं थांबू.

एक कोरा कागद, पट्टी आणि कोनमापक घे. आडवी रेघ ओढ, तिच्या डाव्या टोकाला अ म्हण. अ पाशी ३५° चा कोन करून दुसरी रेघ वर तिरकी काढ. (३५° मुद्दाम सांगतोय. तो तक्त्यात नाही, त्यामुळे पाठ केलेलं उत्तर मध्ये लुडबुड करणार नाही.) आता आडव्या रेघेवर अ पासून ५ सेंमीवर ब आणि १० सेंमीवर क हे बिंदू घे. दोन्ही ठिकाणांहून सरळ वर लंब काढ. ते तिरक्या रेघेला जिथे भेटतील तिथे अनुक्रमे प आणि फ म्हण. झाले दोन काटकोन त्रिकोण, एक छोटा, एक मोठा, एकाच कोपऱ्यात बसलेले.

मोज. बप साधारण ३.५ सेंमी येईल, कफ साधारण ७. तिरकी अप ६.१ च्या आसपास आणि अफ १२.२ च्या आसपास. पट्टी आहे, अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडणारच. आता भागाकार कर. ३.५ भागिले ५ म्हणजे ०.७, आणि ७ भागिले १० म्हणजेही ०.७. उभी बाजू भागिले तिरकी बाजू: ३.५ भागिले ६.१ म्हणजे सुमारे ०.५७, आणि ७ भागिले १२.२ म्हणजे पुन्हा ०.५७. बाजू दुप्पट झाल्या, भागाकार मात्र जागचे हलले नाहीत.

पुढची पायरी वगळू नकोस. आडव्या रेघेवर ८ सेंमीवर खूण कर, पण लंब काढण्याआधीच त्याची लांबी किती येईल ते लिहून ठेव. ८ गुणिले ०.७, म्हणजे ५.६ सेंमी. मग लंब काढून मोज. न काढलेल्या रेघेची लांबी आधी सांगता आली, आणि त्रिकोणमिती हेच करते. पुढे झाड असो, मनोरा असो की चंद्र, युक्ती हीच.

असं का होतं? दोन्ही त्रिकोणांत अ चा कोन सामाईक आहे, दोन्हींत एक काटकोन आहे, म्हणजे उरलेला कोन दोन्हींत ५५°. तिन्ही कोन सारखे म्हणजे त्रिकोण समरूप, आणि समरूप त्रिकोणांच्या बाजू एकाच प्रमाणात वाढतात. भूमितीत समरूपतेचा धडा शिकलास तो इथे कामाला आला. म्हणून ०.७ ही संख्या ना छोट्या त्रिकोणाची आहे ना मोठ्या. ती ३५° या कोनाची आहे. तिलाच टॅन ३५° म्हणतात. ०.५७ ला साइन ३५° म्हणतात. आडवी बाजू भागिले तिरकी, म्हणजे ५ भागिले ६.१, सुमारे ०.८२, हा कोसाइन ३५°. कॅल्क्युलेटरवर बघशील तर अनुक्रमे ०.७००२, ०.५७३६ आणि ०.८१९२ दिसतील. कोनमापक आणि पट्टीने त्याच्या चांगलंच जवळ पोचता येतं.

आता बाजूंची नावं. काटकोनासमोरची बाजू कर्ण, तिचं नाव कधी बदलत नाही. उरलेल्या दोन बाजूंची नावं मात्र कोणत्या कोनात उभं राहून बघायचं त्यावर ठरतात. आपण ज्या कोनाचा विचार करतोय त्याच्या समोरची ती संमुख बाजू, आणि त्याला चिकटलेली (कर्ण सोडून) ती लगतची बाजू. मग साइन म्हणजे संमुख भागिले कर्ण, कोसाइन म्हणजे लगतची भागिले कर्ण, टॅन म्हणजे संमुख भागिले लगतची. काही ठिकाणी "लंब, पाया, कर्ण" असं शिकवतात. मला ते पटत नाही. त्रिकोण जरा फिरवून काढला किंवा दिलेला कोन वरच्या टोकाला असला, की "पाया" खाली शोधायची सवय हमखास दगा देते. वरच्याच आकृतीत प पाशी उभं राहून बघ. ५५° च्या कोनाला संमुख बाजू आहे आडवी अब आणि लगतची आहे उभी बप. नावं अदलाबदल झाली.

या अदलाबदलीतून एक गोष्ट फुकट मिळते. ३५° ची संमुख बाजू हीच ५५° ची लगतची, म्हणून साइन ३५° आणि कोसाइन ५५° एकच. कोणत्याही दोन कोटिकोनांना (ज्यांची बेरीज ९०° होते अशा कोनांना) हे लागू. म्हणजे साइनची ओळ येत असेल तर कोसाइनची ओळ तीच, फक्त उलट दिशेने वाचायची.

तक्ताही पाठ करण्याआधी एकदा हाताने काढून बघ, पाच मिनिटांचं काम आहे. २ एकक बाजूचा समभुज त्रिकोण घे. त्याचे तिन्ही कोन ६०°. वरच्या शिरोबिंदूतून पायावर लंब टाक. पाया १ आणि १ असा दुभागला, वरचा कोन ३०° आणि ३०° असा दुभागला. लंबाची उंची पायथागोरसने: ४ वजा १ म्हणजे ३, म्हणून √३. आता अर्ध्या त्रिकोणाकडे बघ: कर्ण २, ३०° समोर १, ६०° समोर √३. साइन ३०° म्हणजे १/२. तुझा अर्धा हा इथून येतो: समभुज त्रिकोणाचा पाया अर्धा झाला म्हणून. साइन ६०° म्हणजे √३/२, टॅन ३०° म्हणजे १/√३, टॅन ६०° म्हणजे √३. ४५° साठी १ एकक बाजूचा चौरस कर्णावर कापायचा. बाजू १, १ आणि √२. म्हणून साइन आणि कोसाइन दोन्ही १/√२, आणि टॅन १. परीक्षेत तक्ता विसरलास तरी कोपऱ्यात या दोन आकृत्या काढल्या की सगळं परत मिळतं.

०° आणि ९०° ला खरं तर त्रिकोणच उरत नाही, म्हणून तिथे मुलं अडखळतात. कर्ण तेवढाच ठेवून कोन हळूहळू लहान करत ने. समोरची बाजू आखडत जाते, लगतची कर्णाएवढी होत जाते. म्हणून साइन ०° शून्य, कोसाइन ०° एक. ९०° कडे जाताना उलट होतं. टॅनचं काय? टॅन ८९° सुमारे ५७.३ आहे, टॅन ८९.९° सुमारे ५७३. लगतची बाजू शून्याकडे जाते आणि भागाकार हाताबाहेर वाढतो. ९०° ला छेदच शून्य, म्हणून टॅन ९०° ला अर्थ नाही. उत्तरपत्रिकेत तिथे संख्या लिहायची नाही.

आता दुसरा प्रश्न: कोणतं गुणोत्तर घ्यायचं? आकृती काढ, कोन लिही, आणि त्या कोनाच्या नजरेतून तिन्ही बाजूंना नावं दे. मग विचार एवढाच: कोणती बाजू माहीत आहे आणि कोणती हवी आहे? या दोन सोडून जी तिसरी उरते तिचा या गणितात संबंध नाही. कर्ण उरला तर टॅन. लगतची उरली तर साइन. संमुख उरली तर कोसाइन. बस. कोसेक, सेक आणि कॉट ही याच तिघांची उलटी रूपं, उंची-अंतराच्या गणितात त्यांच्याशिवाय काही अडत नाही.

एक करून बघू. सपाट जमिनीवर एका मनोऱ्यापासून ४० मीटर अंतरावर उभं राहून टोकाकडे पाहिलं, उन्नत कोन (आडव्या रेषेपासून नजर जितकी वर उचलावी लागते तो कोन) ३२° आला. जमिनीपासून डोळ्याची उंची १.५ मीटर. मनोरा किती उंच? लगतची बाजू माहीत, संमुख हवी, कर्णाचं काम नाही. म्हणून टॅन. टॅन ३२° सुमारे ०.६२५, गुणिले ४०, म्हणजे २५ मीटर. त्यात डोळ्याची उंची मिळवली की २६.५ मीटर. हे १.५ मिळवायला निम्मा वर्ग विसरतो, कारण पुस्तकातल्या आकृतीत बघणारा माणूस बहुधा एक ठिपका असतो.

पण प्रत्यक्ष मोजणारा इथे थांबत नाही. साध्या कोनमापकाला दोरा आणि वजन बांधून उंची मोजायला गेलास तर एखाद्या अंशाची चूक होतेच. ३२° ऐवजी ३३° वाचलं गेलं तर २५ च्या जागी जवळपास २६ मीटर येतील. चार टक्क्यांची चूक, चालेल. आता समज, तू मनोऱ्याच्या अगदी पायथ्याशी उभं राहून कोन ८०° मोजलास आणि खरा होता ८१°. टॅन ८०° आहे ५.६७ आणि टॅन ८१° आहे ६.३१. चूक थेट अकरा टक्क्यांवर. फार दूर गेलास तरी तेच, कोन एवढा लहान होतो की एक अंश म्हणजे त्याचा मोठा हिस्सा. उंची मोजताना कोनाच्या चुकीचा प्रमाणात सगळ्यात कमी फटका ४५° च्या आसपास बसतो. म्हणून जागा निवडायची सोय असेल तर मनोऱ्याच्या उंचीइतकं अंतर सोडून उभं राहावं. हे पुस्तकातल्या गणितात कुठे विचारत नाहीत, कारण तिथे कोन नेहमी अचूकच दिलेला असतो.

अज्ञात संख्या छेदात आली की गडबड वाढते. ९ मीटर उंच खांबाच्या टोकापासून जमिनीपर्यंत ताणलेली तार जमिनीशी ६०° चा कोन करते. तार किती लांब? संमुख माहीत, कर्ण हवा, म्हणून साइन. साइन ६०° बरोबर ९ भागिले तारेची लांबी. इथे घाईत ९ ला ०.८६६ ने गुणलं जातं आणि उत्तर येतं ७.८ मीटर. जरा बघ: तार हा कर्ण आहे, ती खांबापेक्षा तोकडी कशी असेल? भागायचं आहे, म्हणजे सुमारे १०.४ मीटर. कर्ण सगळ्यात मोठी बाजू, त्यामुळे लघुकोनाचा साइन किंवा कोसाइन कधीच १ च्या वर जात नाही. उत्तर लिहिण्याआधी नुसतं एवढं तपासलं तरी निम्म्या चुका तिथल्या तिथे पकडल्या जातात.

कधी बाजू माहीत असतात आणि कोन हवा असतो. चाकाच्या खुर्चीसाठीच्या उतारांना १ मीटर चढायला १२ मीटर आडवं अंतर हे प्रमाण सर्रास वापरतात. या उताराचा कोन किती? टॅन म्हणजे १/१२, सुमारे ०.०८३३. आता उलटा प्रश्न: कोणत्या कोनाचा टॅन एवढा? कॅल्क्युलेटरवर टॅनच्या डोक्यावर उणे एक लिहिलेलं बटण यासाठी असतं. उत्तर सुमारे ४.८°. ते उणे एक म्हणजे १ भागिले टॅन नव्हे. १ भागिले टॅन म्हणजे कॉट, तो पुन्हा एक भागाकारच असतो. हे बटण मात्र कोन देतं. जाता जाता या कोनाचा साइनही बघ: ०.०८३०. टॅनमध्ये आणि त्यात जेमतेम फरक. लहान कोनाला कर्ण आणि लगतची बाजू जवळपास सारख्याच लांबीच्या होतात, त्याचा हा परिणाम.

कोनाला त्याची ठरलेली संख्या असते, म्हणूनच तक्ता एकदा करून ठेवता येतो आणि कुणालाही, कुठेही वापरता येतो. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास तसाच तक्ता एका श्लोकात बसवला. ९०° चे २४ सारखे भाग केले, प्रत्येक ३° ४५ मिनिटांचा (कोनाच्या एका अंशाची ६० मिनिटं), आणि दर टप्प्याला संमुख बाजू कितीने वाढते तेवढंच सांगितलं. कर्ण त्याने ३४३८ घेतला. वर्तुळाच्या परिघाचे ३६० गुणिले ६० म्हणजे २१,६०० भाग केले तर त्रिज्या जवळपास तेवढ्याच भागांची येते, म्हणून. पहिल्या आठ वाढी आहेत २२५, २२४, २२२, २१९, २१५, २१०, २०५ आणि १९९. आठ टप्पे म्हणजे बरोबर ३०°. बेरीज करून बघ: १७१९. ३४३८ च्या नेमकी निम्मी. आणि पहिली वाढ २२५ का? कारण ३° ४५ मिनिटं म्हणजे २२५ मिनिटं. कोन एवढा लहान आहे की कंस आणि उभी बाजू इथे जवळपास एकच. मघाशी उतारात दिसलं ते याच्याच जवळचं.

नेहमीच्या चुकांपैकी तीन सांगतो. एक, कॅल्क्युलेटर अंशांवर नसून रेडियनवर (कोन मोजायच्या दुसऱ्या एककावर) असणं. साइन ३० विचारल्यावर उणे ०.९८८ आलं तर यंत्र बिघडलेलं नाही, त्याने ३० रेडियनचा साइन दिला आहे. दर वेळी सुरुवातीला साइन ३० दाबून ०.५ येतं का ते बघावं. दोन, कोन दुप्पट झाला की साइनही दुप्पट होतो असं धरणं. साइन ३०° अर्धा आहे म्हणून साइन ६०° एक होत नाही, तो ०.८६६ आहे. साइन हा काही कोनाला गुणणारा आकडा नाही, त्यामुळे अंश-छेदातून "साइन" छाटूनही टाकता येत नाही. तीन, साइनचा वर्ग अधिक कोसाइनचा वर्ग बरोबर एक, ही नित्यसमानता आकाशातून पडल्यासारखी पाठ करणं. पायथागोरसच्या समीकरणातल्या प्रत्येक पदाला कर्णाच्या वर्गाने भाग, ती समोर येते. ३, ४, ५ च्या त्रिकोणात ०.६ आणि ०.८, वर्ग ०.३६ आणि ०.६४.

शेवटी एक नेहमी विचारलं जाणारं गणित, जरा वेगळ्या वाटेने. नदीपलीकडच्या टेकडीच्या टोकाचा उन्नत कोन ३०° दिसतो. सरळ टेकडीच्या दिशेने ४० मीटर पुढे आलं की तो ६०° होतो. उंची किती? पुस्तकी रीत म्हणजे दोन टॅन, दोन समीकरणं, √३ ची उचलठेव. त्याआधी आकृतीकडे नुसतं बघ. दुसऱ्या जागेवरचा ६०° हा पहिली जागा, दुसरी जागा आणि टोक यांच्या त्रिकोणाचा बाह्यकोन आहे. बाह्यकोन ६०°, दूरचा एक आंतरकोन ३०°, म्हणजे टोकापाशीही ३०°. त्रिकोण समद्विभुज. म्हणून दुसऱ्या जागेपासून टोकापर्यंतचं तिरकं अंतरही ४० मीटर. उंची ४० गुणिले साइन ६०°, म्हणजे २०√३, सुमारे ३४.६ मीटर, डोळ्याच्या पातळीपासून. एका ओळीत संपलं. पण हे जमलं ते ६०° हे ३०° च्या दुप्पट होते म्हणून. कोन २८° आणि ५१° असते तर ही सोपी वाट मिळाली नसती, तेव्हा दोन समीकरणांची रीतही सोडू नकोस.

हीच समद्विभुज त्रिकोणाची युक्ती वापरून टॅन १५° स्वतः काढून बघ. १, √३, २ बाजूंचा त्रिकोण घे, √३ ही बाजू ३०° च्या टोकापलीकडे आणखी २ एकक लांबव आणि नवं टोक ६०° च्या शिरोबिंदूला जोड. नव्या टोकाशी किती कोन झाला, ते आधी सिद्ध कर. टॅनचं उत्तर २ वजा √३, म्हणजे ०.२६८ च्या जवळ यायला हवं.